जुन्या गाडीला रिव्हर्स कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी बरीच जुनी आहे. तिला कॅमेरा बसेल का?

बसेल. मागे रिव्हर्स लाइट आहे आणि तो रिव्हर्स टाकल्यावर पेटतो, एवढं असलं की पुरे. मारुती ८०० असो, सँट्रो असो, जुनी वॅगन आर, इंडिका किंवा बोलेरो असो, कॅमेऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला १२ व्होल्ट, एक चांगला अर्थ (म्हणजे वीज परत जायला गाडीच्या लोखंडी बॉडीशी जोड) आणि चित्र दाखवायला एक स्क्रीन लागतो. उलट जुन्या गाड्यांचं वायरिंग साधं असतं, मध्ये कंप्युटर नसतो, त्यामुळे काम सोपंच जातं. त्रास जास्त होतो तो दहा-बारा वर्षांच्या युरोपीय गाड्यांना. त्यांच्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

भारतात १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत बहुधा सेन्सरही नसतात आणि कॅमेराही नसतो. हे पान त्या गाड्यांसाठी आहे.

सेन्सर घ्यावेत की कॅमेरा?

एकच घ्यायचं असेल तर कॅमेरा. सेन्सर काहीतरी जवळ आलं एवढंच सांगतो, काय आलं ते सांगत नाही. भिंत, रोपाची कुंडी आणि मागे बसलेलं मूल त्याला सारखंच. शिवाय बारीक खांब, जमिनीलगतचा दगड किंवा उघडं गटार त्याच्या नजरेतून निसटतं. उघडं गटार तर कुठल्याच सेन्सरला कळत नाही, कारण सेन्सरने सोडलेल्या आवाजाच्या लाटा परत फिरवायला तिथे काहीच नसतं.

सेन्सर आधीच असतील तर ते काढू नका. दोन्ही एकाच रिव्हर्स वायरवर सुखाने चालतात.

कॅमेऱ्याच्या डब्यात काय काय मिळतं आणि काय वेगळं आणावं लागतं?

डब्यात कॅमेरा, पिवळ्या पिनेची लांब आरसीए केबल (स्क्रीनपर्यंत चित्र नेणारी), लाल-काळ्या तारांची छोटी पॉवर केबल, कधी एक ड्रिल बिट आणि दोन-चार स्क्रू असतात. केबल साधारण सहा मीटरची असते. हॅचबॅकला ती पुरते. इनोव्हा किंवा स्कॉर्पिओसारख्या लांब गाडीला दहा मीटरची मागून घ्या. सहा मीटरचीच ताणून बसवलेली केबल वर्षभरात कुठेतरी सुटते.

वेगळं आणायचं ते असं : मल्टीमीटर, एक किंवा दोन ॲम्पिअरचा फ्यूज असलेला छोटा होल्डर, गोल थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), हीट श्रिंक नळी (गरम केली की तारेवर आवळणारी), कापडी टेप, झिप टाय आणि प्लॅस्टिकची पट्टी उचलायचा प्लॅस्टिकचाच पाना. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने पट्ट्या उचकटल्या की क्लिपा तुटतात आणि मग गाडी खड्ड्यात गेली की डॅशबोर्ड आणि दारं वाजायला लागतात.

साधा कॅमेरा पाचशे ते दीड हजारात येतो. त्यात फार काटकसर करू नका, पण फार खर्चही करू नका. पाच हजारांचा कॅमेरा गंजक्या बोल्टवर अर्थ घेऊन बसवला, तर पाचशेच्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट चित्र देतो. या कामात पैसा कॅमेऱ्यात जातो आणि गुण वायरिंगमधून येतो.

स्क्रीन कोणता घ्यावा?

तीन पर्याय आहेत.

आतल्या आरशावर क्लिपने बसणारा मॉनिटर. साधारण ४.३ किंवा ५ इंची. जुन्या गाडीला मला हाच सगळ्यात पसंत आहे. डॅशबोर्ड उघडावा लागत नाही, मूळचा टेप तसाच राहतो, आणि मागे जाताना नजर नाहीतरी आरशाकडेच जाते. तोटा एकच : उन्हात चित्र फिकट दिसतं.

सात इंची टच स्टीरिओ. गाडीत आधीच असेल तर फक्त कॅमेरा आणा. पाठीमागे ‘कॅमेरा इन’ किंवा ‘सीसीडी’ लिहिलेली पिन असते, तिथे पिवळी पिन जाते.

डॅशबोर्डवर चिकटवायचा छोटा स्क्रीन. नसला तरी चालेल असाच प्रकार. आपल्या उन्हाळ्यात चिकटपट्टी सुटते आणि स्क्रीन पायाशी पडतो.

कंपनीच्या जुन्या टेपला व्हिडिओची पिनच नसते. त्याला कॅमेरा जोडायच्या भानगडीत पडू नका.

एएचडी कॅमेरा घेऊ का?

एएचडी म्हणजे जास्त स्पष्ट चित्र देणारा सिग्नल. तुमचा स्क्रीन तो वाचत असेल तरच घ्या. साध्या आरशाच्या मॉनिटरला बहुधा साधा ॲनालॉग सिग्नलच समजतो. एएचडी कॅमेरा त्याला जोडला की चित्र काळं-पांढरं येतं, उभं फाटतं, किंवा येतच नाही. लोक कॅमेरा खराब आहे म्हणून परत करतात, तेव्हा निम्म्या वेळा हेच निघतं. टच स्टीरिओच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार निवडायची जागा असते, आधी तिथे पाहा. काही कॅमेऱ्यांना तारेचा एक छोटा वेढा असतो. तो कापला की कॅमेरा एएचडीतून साध्या सिग्नलवर येतो. कुठला वेढा कशाचा ते सोबतच्या कागदावर असतं. तो कागद फेकू नका.

वायरिंगची मूळ कल्पना काय आहे?

रिव्हर्स टाकला की मागचा दिवा पेटतो, म्हणजे त्या तारेत १२ व्होल्ट येतात. त्याच तारेवर कॅमेरा बसवायचा. दिवा पेटला की कॅमेरा चालू, विझला की बंद. वेगळं बटण नको, लक्षात ठेवायला नको.

भार किती पडतो याची भीती बाळगू नका. रिव्हर्सचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे तो पावणेदोन ॲम्पिअर खातो. कॅमेरा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी घेतो. मूळ फ्यूजला कळतसुद्धा नाही.

पुढे स्क्रीनला रिव्हर्स पडल्याचं कळवायला आरसीए केबलमध्येच एक बारीक लाल तार दोन्ही टोकांना बाहेर काढलेली असते. मागच्या टोकाला ती रिव्हर्स लाइटच्याच तारेला जोडा. पुढच्या टोकाला ती स्टीरिओच्या ‘बॅक’ किंवा ‘रिव्हर्स’ लिहिलेल्या तारेला द्या.

आरशाचा मॉनिटर असेल तर आणखी सोपं. मॉनिटरची लाल तार सरळ त्याच बारीक लाल तारेला जोडा आणि काळी तार पुढे बॉडीला द्या. मॉनिटर फार वीज घेत नाही, ती तार तेवढं ओढते. मग फ्यूज बॉक्स उघडायचीच गरज नाही, आणि रिव्हर्स पडल्यावर कॅमेरा आणि मॉनिटर एकदमच जागे होतात. बरेच वायरमन मॉनिटरला सिगारेट लायटरमधून पॉवर देतात. त्यात चूक काही नाही, पण मग गाडी चालवताना आरशात दिवसभर निळा पडदा उजळत राहतो. रात्री त्याचा फार त्रास होतो.

रिव्हर्स लाइटची तार नेमकी कशी ओळखायची?

रंगावरून ओळखू नका. एकाच मॉडेलच्या दोन सालच्या गाड्यांत रंग बदललेले असतात, आणि जुन्या गाडीत मध्येच कोणी तरी हात घातलेला असतो.

हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली ‘ऑन’ करा आणि रिव्हर्स टाका. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय ठेवून ‘आर’मध्ये आणा. आता मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळं टोक बॉडीच्या उघड्या लोखंडाला आणि लाल टोक रिव्हर्स बल्बच्या होल्डरच्या तारेला लावा. साडेअकरा-बारा व्होल्ट दिसले की गिअर न्यूट्रलला आणा. आकडा शून्यावर आला तर तार तीच. मग पार्किंग लाइट लावून, ब्रेक दाबून, इंडिकेटर देऊन पाहा. त्यातल्या कशानेही आकडा उठता कामा नये. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग ब्रेक दाबला की स्क्रीन पेटतो.

काही गाड्यांत रिव्हर्सचा दिवा एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला काच सारखीच दिसते, पण आत बल्बच नसतो. तिथे अर्धा तास मीटर लावत बसू नका.

दिवा पेटतच नसेल तर आधी बल्ब, मग फ्यूज, मग गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच या क्रमाने पाहा. जुन्या मॅन्युअल गाडीत हा स्विच चिखलाने आणि तेलाने खराब झालेला बऱ्याचदा सापडतो. तो बदलल्याशिवाय कॅमेऱ्याचं काम सुरूच करू नका.

जोड कसा द्यायचा? नुसती तार पिळून टेप लावली तर?

पहिला पावसाळा काढेल, दुसरा नाही. पिळलेल्या जोडात ओल शिरते, तांब्यावर हिरवी बुरशी चढते आणि चित्र कधी येतं, कधी जात राहतं.

मूळ तारेचं वरचं आवरण बोटाच्या पेराएवढं सोला, तार कापू नका. नवी तार तिच्याभोवती गुंडाळा, सोल्डर लावा, मग टेप. टेपऐवजी हीट श्रिंक नळी हवी असेल तर बल्बच्या होल्डरच्या कनेक्टरमधून पिन काढून आधी नळी चढवावी लागते. सगळ्यांनाच ते जमत नाही, तिथे चांगली टेप तीन-चार पदरी लावली तरी काम होतं. निळ्या प्लॅस्टिकच्या दाबायच्या क्लिपा मिळतात. त्या सोयीच्या खऱ्या, पण बारीक तारेचे धागे कापतात. किनाऱ्याकडच्या गाडीला त्या लावूच नका. खारी हवा त्यांचं पातं खाते.

जोडापासून कॅमेऱ्याकडे जाताना, जोडाच्या अगदी जवळ, फ्यूज होल्डर टाका. फ्यूज कॅमेऱ्यापाशी लावला आणि तार मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर उडतो तो गाडीचा मूळ फ्यूज, आणि त्याच्याबरोबर त्या फ्यूजवर असलेल्या बाकी सगळ्या गोष्टी जातात.

सोल्डर करण्याआधी बॅटरीची काळी केबल काढा. गाडीतल्या स्टीरिओला सिक्युरिटी कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

अर्थ कुठे द्यावा? चित्रात आडव्या रेषा येतात त्या यामुळेच का?

बहुधा यामुळेच, आणि त्यामागची भानगड समजून घेण्यासारखी आहे.

आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतूनही अर्थ जातो. त्यामुळे कॅमेऱ्याची काळी तार नीट लागली नसली तरी कॅमेरा चालतो. वीज परत जायला ती जाळीची वाट धरते. चित्र येतं, म्हणून सगळे खूश. पण ज्या वाटेने नाजूक सिग्नल जायचा त्याच वाटेने आता पॉवरही परत जाते आहे. परिणाम म्हणजे सरकणाऱ्या पट्ट्या, फिकट रंग, आणि इंजिन सुरू केलं की नाचणारं चित्र. लोक केबल बदलतात, कॅमेरा बदलतात, आणि दोष एका बोल्टाखालच्या रंगात असतो.

म्हणून डिकीत बॉडीला घट्ट बसलेला बोल्ट शोधा. टेल लॅम्पचा प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू नको. बोल्ट काढून त्याखालचा रंग सँडपेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, काळ्या तारेला थिंबल दाबून लावा, बोल्ट परत आवळा, वरून थोडं ग्रीस चोपडा म्हणजे गंज धरणार नाही. मीटर ओहमवर ठेवून थिंबल आणि बॅटरीची काळी बाजू यांत मोजा. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावल्यावर जेवढं दिसतं जवळपास तेवढंच दिसलं पाहिजे. मीटरच्या तारा बॅटरीपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा मध्ये एक लांब तार घ्या आणि तिचा आकडा वजा धरा.

डिकीच्या दारातून वायर बॉडीत कशी न्यायची?

हॅचबॅकच्या डिकीच्या दारात आणि बॉडीत एक रबरी नळी असते. वायपर, दिवा, लॉकच्या तारा तिच्यातूनच जातात. तुमची केबलही तिच्यातूनच गेली पाहिजे. दाराच्या फटीतून बाहेरून नेलेली केबल रोज दार आपटलं की तिथेच दबते, आणि पाणीही तिच्या अंगाने आत येतं.

या नळीचं काम सगळ्यात चिकट. दोन्ही टोकं बॉडीतून सोडवा. बाहेर काढूनच काम करा, जागेवर असताना करू नका. आधी एक ताठ तार, जुनी सायकलची ब्रेक केबल असली तर उत्तम, नळीतून आरपार घाला. आरसीएची पिन नळीच्या मानाने जाडजूड असते, म्हणून ती त्या तारेला बांधून वरून टेप अशी गुंडाळा की टोक पेन्सिलीसारखं निमुळतं होईल. नळीत साबणाचं पाणी सोडा. तेल नको, तेलाने रबर फुगतं. एका हाताने ओढा, दुसऱ्या हाताने रबर मागे ढकला. अडलं तर जोर लावू नका, थोडी मागे घेऊन फिरवा. पार झाली की नळीच्या दोन्ही बाजूंना थोडी ढील ठेवा आणि दार पूर्ण उघडून-मिटून पाहा. ढील नसेल तर दार पूर्ण उघडलं की पिन ओढली जाते.

सेडानच्या डिकीला हा त्रास कमी. बिजागरीच्या दांडीला केबल टायने बांधून न्या, पण बिजागरी मिटताना चिमटा बसत नाही ना ते पाहा.

पुढे केबिनमधून केबल कोणत्या वाटेने न्यावी?

दाराच्या खालच्या पायपट्टीखालून. पट्टी वर उचलली की कंपनीच्या तारांची मोळी तिथे असतेच, तिच्या बाजूने केबल ठेवा. मागच्या सीटचा खालचा भाग बहुतेक गाड्यांत ओढून वर येतो, तेवढा काढावा लागतो. पुढे डाव्या बाजूने वर चढून ग्लोव्ह बॉक्समागून स्टीरिओकडे, किंवा आरशाचा मॉनिटर असेल तर पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या बिडिंगमधून छताला.

ड्रायव्हरच्या बाजूने नेऊ नका. पेडलजवळ लोंबणारी तार हा विनोद नाही.

सीटखाली आणि खांबात पिवळे कनेक्टर दिसले, ते काय आहेत?

एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या तारांवर बल्बवाला टेस्टर तर कधीच नाही. ज्या गाडीला पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग आहे तिथे खांबाच्या आवरणात केबल एअरबॅगच्या समोरून नेऊ नका, मागून न्या. बॅगेवर आडवी आलेली केबल ती उघडताना अडवते.

कॅमेरा नेमका कुठे बसवावा?

मध्यभागी, नंबर प्लेटच्या वर, दिव्याच्या शेजारी. शक्य तितका मध्ये, म्हणजे चित्र तिरकं दिसत नाही. नंबर प्लेटच्या दिव्याच्या अगदी समोर नको, नाहीतर रात्री अर्धं चित्र पांढरंफटक येतं.

बाजारात नंबर प्लेटच्या फ्रेममध्येच बसवलेला कॅमेरा मिळतो. दिसायला सोयीचा, पण आता आपल्याकडे उच्च सुरक्षा नंबर प्लेट आहेत आणि त्या एकदाच लागणाऱ्या लॉकने बसवलेल्या असतात. फ्रेम घालायची तर लॉक तोडावं लागतं, आणि ते परत अधिकृत ठिकाणीच लावून घ्यावं लागतं. प्लेटला भोक पाडणं किंवा तिच्यावरचा आकडा झाकेल असं काही लावणं तर नकोच. पोलिस थांबवतील ते वेगळंच.

दोन भोकांचे ‘बटरफ्लाय’ कॅमेरे प्लेटच्या वर स्क्रूने बसतात. दुसरा प्रकार गोल, बंपरमध्ये मोठं भोक पाडून आत बसणारा. तो सुंदर दिसतो, पण एकदा भोक पडलं की पडलं. पत्र्यात भोक पाडलं तर कडांना रंग किंवा गंजरोधक लावल्याशिवाय कॅमेरा घालू नका. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर तो प्रश्न नाही, पण तो खाली असतो आणि चिखल आधी तिथे उडतो.

सीएनजीची गाडी असेल तर डिकीत स्क्रू किंवा ड्रिल मारण्याआधी पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी पाहा. गॅसची नळी कुठून जाते ते माहीत नसताना ड्रिल चालवू नका, आणि केबल त्या नळीला बांधू नका.

चित्र उलटं येतं. डावीकडचा माणूस उजवीकडे दिसतो.

मागचा कॅमेरा आरशासारखं चित्र देतो आणि तसंच हवं असतं. आतल्या आरशात डावीकडचं डावीकडेच दिसतं, तसंच स्क्रीनवरही. तुमच्या बाबतीत उलटं झालं असेल तर कॅमेरा पुढच्या मोडवर आहे. कॅमेऱ्याच्या तारेवर जे एक-दोन छोटे वेढे असतात, त्यातला एक कापला की चित्र पालटतं, दुसरा कापला की पार्किंगच्या रेषा जातात किंवा येतात. कापण्याआधी कॅमेरा चालू करून, चित्र पाहत, कोणता वेढा कशाचा याची कागदावरून खात्री करा. कापलेली टोकं वेगवेगळी टेपने बंद करा.

लाल, पिवळ्या, हिरव्या रेषांवर विश्वास ठेवावा का?

डोळे झाकून नको. त्या रेषा कुठल्या तरी ठरावीक उंचीवर आणि कोनात कॅमेरा बसला असं गृहीत धरून काढलेल्या असतात. तुमचा कॅमेरा हातभर वर असेल तर लाल रेषा ठरल्यापेक्षा बरीच लांब पडते. स्टीअरिंग वळवलं तरी त्या वळत नाहीत.

म्हणून स्वतः मापा. मोकळ्या जागेत बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर खडूने रेघा मारा, त्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवा आणि स्क्रीनवर कोणती रेषा कुठे येते ते पाहून घ्या. कॅमेऱ्याचा कोन थोडा खाली करून लाल रेषा अर्ध्या मीटरवर आणता आली तर आणा. चित्राच्या तळाशी आपल्या बंपरची बारीक कड दिसली पाहिजे, म्हणजे अंतराचा अंदाज येतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. या रेषा जमिनीवरच्या आहेत. ट्रकचा फळका, टेम्पोतून बाहेर आलेले सळ्यांचे गज, भिंतीतून पुढे आलेली बाल्कनी, यांचा जमिनीला टेकणारा भागच नसतो. वर तरंगणारी वस्तू चित्रात वरच्या बाजूला, म्हणजे रेषांच्या हिशोबाने लांब, दिसते. स्क्रीनवर हिरवी रेषासुद्धा गाठलेली नसते आणि गज काचेत घुसलेला असतो. गज-सळ्यांच्या टेम्पोमागे गाडी मागे घ्यायची असेल तर खाली उतरून पाहा.

स्क्रीन निळा पडतो, ‘नो सिग्नल’ येतं.

आधी मागे मीटर लावून कॅमेऱ्याच्या तारेला रिव्हर्समध्ये १२ व्होल्ट येतात का ते पाहा. येत असतील तर कॅमेरा काढून पुढे आणा आणि लांब केबल वगळून सरळ स्क्रीनला जोडा, पॉवर बॅटरीवरून फ्यूज लावून द्या. चित्र आलं तर दोष केबलमध्ये, नाही आलं तर कॅमेरा किंवा सिग्नलचा प्रकार. पाच मिनिटांत निकाल लागतो.

खरं तर हेच सगळं बसवण्याआधी करायचं असतं. पट्ट्या उघडण्याआधी केबल केबिनमधून नुसती जमिनीवर पसरा, सगळं जोडा, रिव्हर्स टाकून चित्र पाहा. मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

स्कोडा, फोक्सवॅगन यांना का त्रास होतो?

यांचा कंप्युटर बल्ब जळला आहे का हे पाहायला बल्बच्या तारेत वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडतो. बल्बला फरक पडत नाही, कॅमेरा मात्र लुकलुकतो. कधी डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूणही पेटते. उपाय म्हणजे कॅमेऱ्याआधी कपॅसिटर असलेला छोटा फिल्टर घालणं. तेवढ्याने भागलं नाही तर रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात : ८६ ला फिल्टरमधून आलेली रिव्हर्स तार, ८५ ला बॉडी, ३० ला फ्यूजमधून आलेली १२ व्होल्टची किल्लीवर चालणारी तार, ८७ ला कॅमेरा. फिल्टरशिवाय रिले लावला तर तो टकटकत राहतो. रिव्हर्समध्ये एलईडी बल्ब घातलेले असतील तर हा सगळा त्रास दुप्पट होतो. मूळचे बल्ब परत लावा.

वायरलेस कॅमेरा घेतला तर वायरच नको ना?

कॅमेऱ्याला पॉवर हवीच, स्क्रीनलाही हवी. वाचते ती फक्त मधली केबल. तिच्या बदल्यात गर्दीच्या ठिकाणी चित्र अडखळतं, कारण यातले बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्याच पट्ट्यात लोकांचे वायफाय असतात. लांब ट्रॉली ओढणाऱ्याला वायरलेस ठीक. मोटारीला नको.

अँड्रॉइड स्टीरिओ आहे. सकाळी गाडी काढताना कॅमेराच येत नाही, मग मिनिटाभराने येतो.

स्टीरिओ अजून सुरू व्हायचा असतो. आणि पार्किंगमधून बाहेर पडताना पहिलाच गिअर बहुधा रिव्हर्स असतो. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि तिथल्या नियमानुसार रिव्हर्स पडल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसावं लागतं. नियम बनवणाऱ्यांनीही हीच गोष्ट हेरली होती. स्टीरिओच्या सेटिंगमध्ये झोपेच्या मोडची वेळ वाढवली तर फरक पडतो, पण गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरीवर भार येतो. आरशाच्या मॉनिटरला ही कटकटच नाही.

पावसाळ्यात कॅमेरा टिकतो का?

‘आयपी ६७’ लिहिलेला कॅमेरा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, म्हणजे पाऊस त्याला लागत नाही. लागतो तो धुण्याचा प्रेशर पंप. तो अगदी जवळून कॅमेऱ्यावर मारू देऊ नका.

पाणी शिरतं ते बहुतेक तारेच्या भोकातून. भोकात रबरी ग्रोमेट घाला, आणि भोकात शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं, भोकाकडे चढत नाही. कॅमेऱ्याच्या काचेवरचा चिखल ओल्या कापडाने, न घासता पुसायचा.

उंदरांचं मात्र काही खरं नाही. पावसाळ्यात ते इंजिनात आणि डिकीत येतात आणि मऊ तार आधी कुरतडतात. केबलवर लवचिक प्लॅस्टिकची खाचवाली नळी चढवली तर बरं.

बॅटरी उतरेल का? विमा आणि आरटीओचं काय?

रिव्हर्सच्या तारेवर जोडलं तर बॅटरी उतरायचा प्रश्न नाही, गाडी बंद असताना त्यात वीजच नसते. आरसी बुकातले तपशील बदलत नाहीत, त्यामुळे आरटीओत जायचं काम पडत नाही. विम्यात मात्र कंपनीबाहेरची विजेची ॲक्सेसरी वेगळी नोंदवावी लागते. पॉलिसीत हा भाग ‘आयएमटी २४’ या पृष्ठांकनाखाली येतो. हजाराच्या कॅमेऱ्यासाठी कोणी नोंदवत नाही, पण महागडा स्टीरिओ बसवलात तर बिल जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी सांगा. गाडी अजून वॉरंटीत असेल तर मूळ तार कापू नका. वॉरंटी नाकारायला ते एक निमित्त पुरतं.

ट्रकला किंवा मोठ्या बसला हेच चालेल?

आधी बॅटरीवर मीटर लावा. बऱ्याचशा मोठ्या गाड्यांत २४ व्होल्ट असतात. फक्त १२ व्होल्टचा कॅमेरा तिथे जोडला की त्याच क्षणी जळतो. १२ ते २४ व्होल्ट असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला कॅमेरा आणि स्क्रीन घ्या.

वायरमनकडून करून घ्यायचं असेल तर काय तपासून पैसे द्यावेत?

बहुतेक वायरमन हे काम तास-दीड तासात करतात आणि चांगलंही करतात. तो काम करत असताना शेजारी उभे राहा. जोड टेपने पिळतोय की सोल्डर करतोय, अर्थ बॉडीच्या बोल्टला घेतोय की टेल लॅम्पच्या स्क्रूला, फ्यूज लावलाय की नाही, हे तिथेच विचारा. दादा, फ्यूज कुठे लावलात ते दाखवा ना, एवढं म्हटलं की तो न लावलेला फ्यूजही लावतो.

पैसे देण्याआधी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि एसी लावून चित्र पाहा. ब्रेक दाबून पाहा. डिकीचं दार चार-पाच वेळा उघडून आपटा. सगळ्या पट्ट्यांच्या क्लिपा बसल्या का ते हाताने दाबून पाहा, पुढच्या खांबाची विशेषतः. मागचा वायपर, नंबर प्लेटचा दिवा आणि डिकीचं लॉक चालतंय का ते बघा, कारण डिकीच्या त्याच रबरी नळीतून त्यांच्या तारा जातात आणि ओढाताणीत एखादी निसटते. जमलं तर अंधार पडल्यावर जा, म्हणजे रात्रीचं चित्रही तिथल्या तिथे पाहून घेता येतं.